मंदीतले घर: आत्ता विकावे, भाड्याने देऊन थांबावे की कुलूप लावून ठेवावे?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला काढला आहे, मालकाच्या मनात ९० लाखांचा आकडा आहे आणि येणारे गिऱ्हाईक ८२ लाखांच्या वर सरकायला तयार नाही, अशी कोंडी बाजार थंडावला की अनेक घरांत होते. अशा मालकापुढे तीन वाटा असतात. मिळेल त्या रास्त भावाला विकून मोकळे व्हावे, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर, भाडेकरू ठेवून भाव सुधारण्याची वाट पाहावी, किंवा घर रिकामे ठेवून ९० लाखांना चिकटून राहावे. तिसऱ्या वाटेवरचे बहुतेक लोक ती ठरवून निवडत नाहीत. निर्णय लांबत जातो आणि ते तिथेच राहतात. म्हणून तिन्ही वाटांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहणे बरे. येथील भाव, भाडे आणि व्याजदर उदाहरणापुरते घेतले आहेत. त्या जागी आपले आकडे घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल.

तुलना करताना आजचे ८२ लाख आणि उद्याचे ९० लाख थेट एकमेकांसमोर ठेवण्याची चूक सर्रास होते. कर्ज फिटलेले असेल, तर आज हाती येणारे ८२ लाख साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत वर्षाला सुमारे ५ लाख ३३ हजार मिळवतील. घर रिकामे राहिले तर हे उत्पन्न बुडते, शिवाय सोसायटीचे देखभाल शुल्क महिना ४ हजार धरल्यास ४८ हजार आणि मिळकतकर २० हजार धरल्यास तोही खिशातून जातो. म्हणजे कुलूपबंद घर एक वर्ष थांबवण्याची किंमत साधारण ६ लाख रुपये होते. वर्षानंतर ८८ लाख आणि दोन वर्षांनंतर ९४ लाखांच्या वर भाव मिळाला, तरच थांबणारा आणि आज विकणारा एका पातळीवर येतात. ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो हा आक्षेप रास्त आहे. पण ३० टक्के कराच्या टप्प्यातील मालकाने करोत्तर हिशेब केला, तरी दोन वर्षांनी सुमारे ९१ लाख मिळाल्याशिवाय बरोबरी होत नाही. घरावर कर्ज बाकी असेल, तर ठेवीच्या दराऐवजी कर्जाचा दर धरावा लागतो आणि थांबणे आणखी महागात पडते.

घर भाड्याने दिले तर यात फरक पडतो, मात्र वाटतो तेवढा नाही. आपल्या शहरांत राहत्या घराचे वार्षिक भाडे साधारणतः त्याच्या किमतीच्या दोन ते तीन टक्के असते. या फ्लॅटला महिना २० हजार भाडे धरले, त्यातून एक महिना घर रिकामे राहणे आणि एक महिन्याची दलाली वजा केली, तर वर्षाला २ लाख उरतात. देखभाल व कर भागवून हाती सव्वा लाखाच्या आसपास राहतात. थांबण्याची किंमत अशा रीतीने ६ लाखांवरून सुमारे ४ लाखांवर येते आणि बरोबरीचा भाव एका वर्षाने ८६ लाख, दोन वर्षांनी साडेनव्वद लाखांच्या जवळपास येतो. मनातले ९० लाख दोन वर्षांनी खरोखर मिळाले, तरी भाड्याने देऊन थांबणाऱ्याने आज विकणाऱ्याच्या तुलनेत काहीच कमावलेले नसते.

आत्ता विकण्याच्या बाजूने एक मुद्दा प्राप्तिकराचा आहे आणि तो मंदीत विशेष महत्त्वाचा ठरतो. घर २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन मानला जातो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची सोय) न देता साडेबारा टक्के कर लागतो. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर काढण्याचा पर्यायही आहे आणि दोन्हींपैकी जो कमी येईल तोच भरावा लागतो. हा फ्लॅट २०१२-१३ मध्ये ४५ लाखांना घेतला असे धरू. त्या वर्षाचा निर्देशांक २०० होता आणि २०२५-२६ चा ३७६ आहे, म्हणजे निर्देशांकानुसार खरेदी किंमत ८४ लाख ६० हजार होते. ८२ लाखांना विकल्यास कर शून्य येतो. साडेबारा टक्क्यांच्या रीतीने तो ४ लाख ६२ हजारांच्या पुढे गेला असता. भाव वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिलेल्या घराला हा पर्याय सर्वांत जास्त उपयोगी पडतो, आणि तरीही ‘टॅक्स फार जाईल’ या धास्तीने विक्री पुढे ढकलणारे लोक भेटतात.

विकायचे ठरवल्यावर भाव किती खाली आणावा, याला एक सरकारी मर्यादा आहे. करारातील रकमेपेक्षा रेडी रेकनरनुसार, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या विभागवार दरांनुसार, येणारे मूल्य दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर प्राप्तिकरासाठी विक्रीची किंमत म्हणून रेकनरचे मूल्यच धरले जाते. फरकाची रक्कम खरेदीदाराच्याही उत्पन्नात मोजली जाते. ८२ लाखांच्या सौद्यासाठी ही सीमा ९० लाख २० हजारांची आहे. महाराष्ट्रात २०२२ नंतर दोन वर्षे रेकनरचे दर बदलले नव्हते, ते १ एप्रिल २०२५ पासून वाढवण्यात आले. त्यामुळे बाजार खाली आणि रेकनर वर अशी स्थिती काही भागांत निर्माण होऊ शकते. बाजारभाव खरोखर कमी असल्याचे सांगून मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची विनंती करता येते, पण तो मार्ग वेळखाऊ असल्याने विसार घेण्यापूर्वीच आपल्या विभागाचा दर पाहून ठेवणे श्रेयस्कर.

लहान घर विकून मोठे घेणाऱ्यासाठी तर मंदी सोयीची असते, आणि माझ्या मते अशा कुटुंबाने भावासाठी अडून बसण्याचे कारणच उरत नाही. ९० लाखांच्या घरावर दहा टक्के सोडले तर ९ लाख जातात. दीड कोटीच्या घरावर तेवढीच सूट मिळाली तर १५ लाख वाचतात. विक्रीनंतर दोन वर्षांत नवे घर घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास नफ्यावरील करातूनही सूट मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नसतो, तर बांधकाम चालू असलेल्या घरावर तो १ किंवा ५ टक्के असतो. आपल्या घरासमोरच बिल्डरची नवी इमारत उभी राहत असेल, तर घासाघीस करताना ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायला विसरू नये.

भाड्याच्या वाटेवर सर्वांत मोठी भीती भाडेकरू घर सोडणार नाही ही असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोटरीपुढे केलेला कागद पुरत नाही. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क आकारता येते. त्यामुळे नोंदणीकृत करार असलेल्याने ही भीती फार बाळगू नये. खरी अडचण वेगळीच असते. राहते घर स्वतःसाठी शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला रिकामे घर लागते, आणि भाडेकरूच्या सामानाने भरलेला फ्लॅट रविवारी सकाळी दाखवणे कोणालाच सुखाचे होत नाही. करारात अडकवणारी मुदत शक्य तितकी कमी ठेवावी, एका महिन्याच्या सूचनेचे कलम दोन्ही बाजूंना लागू करावे आणि पूर्वसूचना देऊन घर दाखवण्याची मुभा लिहून घ्यावी. मालक स्वतः राहत नसून घर भाड्याने दिले की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिल्यावर जाते, हेही हिशेबात धरावे.

कुलूप लावून थांबणे प्रत्येक वेळी चूक नसते, पण त्यामागे तारीख असलेले कारण हवे. खरेदीला २४ महिने पूर्ण व्हायला चार महिने उरले असतील, तर आत्ता विकून नफ्यावर नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे कर भरण्यापेक्षा ते चार महिने थांबणे शहाणपणाचे आहे. सोसायटीचे मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने टाळले तरी जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याची प्रक्रिया) अंतिम टप्प्यात असेल किंवा पुनर्विकासाचा करार नोंदणीला आला असेल, तरीही थांबावे, कारण असे कागद हाती आल्यावर भाव बदलतो. पुनर्विकासाची नुसती चर्चा मात्र या हिशेबात धरू नये. ती अनेक सोसायट्यांत दहा दहा वर्षे चालते. साधारण २०१४ ते २०२० या काळात मुंबई-पुण्याच्या अनेक भागांत भाव आकड्यांत जागीच राहिले आणि महागाईने त्यांची खरी किंमत कमी केली. मग सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांची आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची कपात केली आणि दस्तनोंदणीला गर्दी उसळली. ही संधी साधता आली ती ज्यांचे कागद तयार होते आणि भाव बाजाराला धरून होता त्यांना. अशी खिडकी केव्हा उघडेल हे आधी कळत नाही, म्हणून थांबणाऱ्यानेही इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदी दस्ताचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र एका फाइलीत लावून ठेवावे.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाचा हिशेब वेगळा निघतो. निर्देशांकाचा पर्याय फक्त निवासी व्यक्तींना असल्याने वरच्याच फ्लॅटवर त्याला सुमारे ४ लाख ६२ हजार कर आणि त्यावरील उपकर भरावा लागेल. खरेदीदाराला पैसे देताना मोठी रक्कम उगमातच कापावी लागते, म्हणून कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर विभागाकडून आधी मिळवणे सोयीचे असते. दुसरीकडे, दूर राहून भाडेकरू सांभाळायचा तर कुलमुखत्यारपत्र धारण करणारा विश्वासू नातेवाईक लागतो, आणि तो नसेल तर घर बहुधा रिकामेच पडून राहते. त्यामुळे पुन्हा येऊन राहण्याचा बेत नसलेल्या अनिवासी मालकाने ८२ लाखांचा प्रस्ताव, कर जाऊनही, गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते. इथे राहणाऱ्या मालकाला एक वर्ष भाड्याने देऊन पाहण्याची जी मोकळीक आहे, ती त्याच्याजवळ क्वचितच असते.