स्टोरीवीव्हर वर्गात वापरताना: पातळीपेक्षा जोडाक्षरं बघा

पहिली-दुसरीच्या मुलांना स्वतः वाचता येतील अशी मराठी पुस्तकं मिळवणं हे जिल्हा परिषदेच्या शाळांचं जुनं दुखणं आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींच्या पुस्तकांचं संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे आणि या दुखण्यावर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. चित्रांसकट गोष्टी फुकट, आणि परवाना असा खुला की पुस्तक छापा, वाटा, बदला, कुणाला विचारायला नको.

अडचण आहे ती पुस्तकांना दिलेल्या वाचन-पातळ्यांची. पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६००, तिसरी १५००, चौथी त्याहून मोठी. शब्द मोजून इंग्रजी पुस्तकाचा अंदाज येत असेल, मराठीत मूल अडतं ते जोडाक्षरावर आणि रफारावर. ‘घर’, ‘पाऊस’, ‘माकड’ सरसर वाचणारं मूल ‘सूर्य’ किंवा ‘स्वप्न’ आलं की थांबतं, मग चित्र बघून अंदाजाने काहीतरी बोलतं. म्हणून पुस्तक निवडण्याआधी पहिली चार पानं उघडून जोडाक्षरं मोजा. पानाला दोनपेक्षा जास्त दिसली तर ते पुस्तक बाईंनी किंवा गुरुजींनी वाचून दाखवायचं. मुलाच्या हातात एकट्याने वाचायला देऊ नका.

दुसरी खोट भाषांतराची. इथे कुणीही भाषांतर करू शकतं, त्यामुळे काही गोष्टी सुरेख उतरल्यात, तर काहींत ‘त्याने आपल्या हातांना धुतले’ अशा थाटाची हिंदी वळणाची वाक्यं सापडतात. मराठीत हात धुतले, एवढंच. अशी गोष्ट टाकून देऊ नका. वाक्यं सुधारून छापा, फक्त बदल केल्याची नोंद करा. लेखक-चित्रकारांच्या नावांचं शेवटचं पान मात्र छपाईत कधीही गाळू नका, परवान्याची ती अट आहे.

शाळेत रेंज नसेल तर खातं उघडून पीडीएफ घरीच उतरवा आणि पेनड्राइव्हवर न्या. उभ्या पानांचं पुस्तक असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘बुकलेट’ निवडा: १६ पानांचं पुस्तक ४ ए-फोर कागदांत बसतं. पाठपोट छापताना कागद आखूड बाजूने उलटेल असं ठेवा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. मग मधोमध घडी आणि दोन पिना. आडव्या पानांच्या पुस्तकांना ही युक्ती लावू नका, अक्षर फार बारीक होतं. ती एका कागदावर एक पान अशीच छापा, पाच-सहा मुलांना गोल बसवून वाचायला छान. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रांवरची अक्षरं बुडतात, म्हणून आधी एकच पान छापून बघा.

मेळघाटासारख्या भागात काम करणाऱ्यांनी कोरकू या तिथल्या आदिवासी भाषेतली पुस्तकं जरूर शोधावीत. आधी कोरकूत गोष्ट ऐकवली, आणि मग तीच मराठीत हातात दिली, की अर्थ मुलाला ठाऊक असतो आणि सगळं बळ अक्षरांवर लावता येतं.