गिटमध्ये सिमलिंक: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचा गिट-रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारा फोल्डर) एकच, त्यात ११ छोट्या सर्व्हिसेस. प्रत्येकीच्या फोल्डरमध्ये लॉगिंगची तीच एक कॉन्फिग फाइल. म्हणजे 'तीच' असं आम्ही धरून चाललो होतो. एका रात्री लॉगची पातळी बदलायची वेळ आली, अकराही फाइल्स उघडल्या, तर चार बाकीच्यांशी जुळेनात. कोणी कधी काय घुसवलं, पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, फाइल एकच 'कॉमन' फोल्डरमध्ये ठेवू आणि अकरा ठिकाणी सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या लिंक्स, टाकू. टीममध्ये कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं का, ते माझं अजून ठरत नाही.

गिट इथे नेमकं काय करतो ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा ताप त्यातूनच आला. सिमलिंक कमिट केली, म्हणजे इतिहासात नोंदवली, की गिट ती जिथे नेते तिथे जातच नाही. लिंकवर लिहिलेला पत्ता तेवढा उचलतो आणि ब्लॉब (गिट फाइलचा मजकूर साठवतो तो तुकडा) म्हणून ठेवून देतो. साध्या फाइलच्या नोंदीवर मोड (नोंदीचा प्रकार सांगणारा आकडा) १००६४४ असतो, लिंकच्या नोंदीवर १२००००. फरक एवढाच. आमच्या लिंकमधला पत्ता म्हणजे दोन पायऱ्या वर, मग कॉमन, मग लॉगिंगची फाइल: मोजून २४ अक्षरं. अकराही लिंक्समध्ये हीच २४ अक्षरं, त्यामुळे 'गिट एलएस-फाइल्स -एस' चालवलं की अकरा ओळींत एकच हॅश (मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) दिसतो. गिटच्या लेखी त्या फाइल्स नाहीतच, पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत.

पहिले दोन महिने मजेत गेले. मी लिनक्सवर, दोघं मॅकवर, कोणालाच काही जाणवलं नाही. एक फायदा तर फुकटात मिळाला: मजकूर शोधणारं 'गिट ग्रेप' लिंकच्या आत शिरत नाही, त्यामुळे एकच ओळ अकरा वेळा समोर येणं बंद झालं.

मग टीममध्ये विंडोजवाले आले. विंडोजवर सिमलिंक बनवायला वेगळा अधिकार लागतो, साध्या युजरला तो नसतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून डेव्हलपर मोड चालू केला की काम भागतं, पण ते बटण आधी माहीत असावं लागतं. गिटला लिंक बनवता येणार नसली की तो क्लोन करताना (रेपोची प्रत उतरवताना) 'कोअर.सिमलिंक्स' हे सेटिंग फॉल्स धरतो आणि लिंकच्या जागी २४ अक्षरांची टेक्स्ट फाइल ठेवतो. एरर नाही, ओरड नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. निदान एक ओळ तरी छापायची, की बाबा, लिंक जमली नाही, चिठ्ठी ठेवून जातोय.

बरं, सेटिंग नंतर ट्रू केलं म्हणून भागत नाही. ग्लोबल कॉन्फिगमध्ये बदललं तरी रेपोच्या आतल्या कॉन्फिगमध्ये फॉल्स बसलेलं असतं आणि तेच जिंकतं. ते बदललं, तरी आधी उतरलेल्या फाइल्स तशाच राहतात. त्या डिलीट करून पुन्हा चेकआउट करायच्या, म्हणजे गिटकडून नव्याने उतरवून घ्यायच्या. यात आमची एक दुपार गेली.

आता तो किस्सा. एका सहकाऱ्याच्या विंडोज मशीनवर या चिठ्ठ्याच होत्या. त्याच्या एडिटरला सवय अशी, की फाइल सेव्ह करताना शेवटी नवी ओळ घालायची. त्याने एका सर्व्हिसची 'कॉन्फिग' उघडली, आत एकच ओळ दिसली, काही न बदलता सेव्ह केली, आणि बाकीच्या तीसेक फाइल्सबरोबर तीही कमिटमध्ये गेली. मोड १२००००च राहिला, कारण सिमलिंक्स फॉल्स असताना गिट इंडेक्समधला (पुढच्या कमिटसाठीच्या यादीतला) जुना मोडच पुढे चालवतो. डिफमध्ये, म्हणजे आधी-नंतरच्या फरकात, तीच ओळ लाल आणि तीच ओळ हिरवी, फक्त 'फाइलच्या शेवटी नवी ओळ नाही' ही सूचना खालून गायब. रिव्ह्यू मी केला होता. मंजूर करून मोकळा झालो.

सर्व्हरवर सर्व्हिस उठेना, कॉन्फिग सापडत नाही म्हणते. 'एलएस' (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) केलं तर लिंक आहे, पत्ता बरोबर आहे. तोच पत्ता हाताने टाइप केला तर फाइल उघडते. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की 'एलएस'ने पत्त्याला अवतरणचिन्हं घातली आहेत आणि शेवटी डॉलर, बॅकस्लॅश, एन असं काहीतरी लटकतंय. ब्लॉबचा आकार बघितला: २५. नवी ओळ पत्त्याचाच भाग झाली होती आणि त्या नावाची फाइल जगात कुठेच नव्हती.

दुसऱ्या एकाने तर त्या चिठ्ठीत अख्खी कॉन्फिग पेस्ट केली. त्याचं काय चुकलं? त्याला ती रिकामीच वाटली. लिनक्सवर पुल केलं तर गिट म्हणतो, लिंक बनवता येत नाही, नाव फार लांब आहे. निदान इथे तो बोलला तरी.

पण खरी महागात पडलेली गोष्ट विंडोजशी संबंधित नव्हती. आमच्या सीआयमध्ये (बदल आला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) पाथ फिल्टर आहेत: ज्या सर्व्हिसच्या फोल्डरमध्ये बदल, तिचेच टेस्ट. कॉमनमधली फाइल बदलली की अकराही सर्व्हिसेसचं वागणं बदलतं, पण त्यांच्या फोल्डरमधली चिठ्ठी होती तशीच. गिटच्या दृष्टीने तिथे काहीच झालेलं नाही. म्हणून एकही टेस्ट चालला नाही, सगळं हिरवं. लॉगचा फॉरमॅट बदलणारा एक कमिट असाच थेट स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) गेला आणि तिथे तीन सर्व्हिसेस बसल्या. लिंकचा 'गिट लॉग' बघाल तर तिच्या जन्माचा एकच कमिट, पुढे शांतता. अकरा प्रती होत्या तेव्हा निदान डिफमध्ये अकरा बदल डोळ्यांना दिसायचे. हे मला सुचायला हवं होतं. आता प्रत्येक फिल्टरमध्ये कॉमनचा फोल्डर हाताने जोडला आहे.

बारीकसारीक बरंच. लिनक्सवर 'सेड -आय' (फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारी कमांड) लिंकवर चालवलं तर तो लिंक काढून त्या जागी खरी फाइल ठेवतो. 'गिट स्टेटस' तेव्हा 'टाइपचेंज' म्हणतो. हा शब्द दिसला की हातातलं काम थांबवा. गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्या यादीत) 'नोड_मॉड्यूल्स'च्या शेवटी तिरकी रेघ असेल आणि तो फोल्डर तुम्ही लिंक करून ठेवला असेल, तर नियम लागूच होत नाही, कारण रेघवाला नियम फक्त फोल्डरसाठी आणि गिटला लिंक फोल्डर वाटत नाही. डॉकरची इमेज (सर्व्हिस चालवायचं तयार पाकीट) सर्व्हिसच्या फोल्डरपुरती बांधत असाल तर बाहेर बोट दाखवणारी लिंक आत गेल्यावर तुटते. आम्ही बिल्डचा संदर्भ रेपोच्या मुळापर्यंत नेला.

अनोळखी रेपो क्लोन करत असाल तर गिट अपडेट ठेवा. मार्च २०२१ मध्ये २.३०.२ आणि मे २०२४ मध्ये २.४५.१ या आवृत्त्यांत बुजवलेली दोन मोठी भोकं सिमलिंकवरूनच होती. ज्या फाइलसिस्टममध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक मानत नाहीत, तिथे नुसत्या क्लोनने परका कोड चालू शकत होता. विंडोजवर सिमलिंक्स फॉल्स असतं याचा मला राग होता, तो हे वाचल्यावर जरा उतरला.

जुन्या लोकांसाठी: गिटच्या आधीच्या साधनांपैकी सीव्हीएसला सिमलिंक ठेवताच येत नाही, सबव्हर्जन एक खास प्रॉपर्टी लावून ठेवतो. त्या मानाने गिटची पद्धत सरळ आहे.

सध्या अकरापैकी आठ लिंक्स शिल्लक आहेत. विंडोजवाले रोज हात लावतात त्या तीन सर्व्हिसेसमध्ये खऱ्या फाइल्स परत आणल्या आणि त्या कॉमनशी जुळतात का, ते सीआय तपासतो. कमिटच्या आधी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट १२०००० मोडच्या प्रत्येक ब्लॉबमध्ये नवी ओळ आहे का ते बघते, असली तर कमिट अडवते. सहा ओळींची आहे. आणि नवीन माणूस आला, विंडोजवाला असला, की लॅपटॉप त्याच्या हातात द्यायच्या आधी डेव्हलपर मोडचं बटण मीच दाबून देतो.