मागच्या बाकावरचे सर आणि अकरा फायली : माझ्या बी.एड. कॉलेजबद्दल

कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्याच संस्थेच्या एका शाळेत माझी तासिका तत्त्वावर उमेदवारी चालू आहे, आणि नवऱ्याचं म्हणणं आहे की पाण्यात राहून माशाशी वैर नको. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, संस्थेचं जुनं आवार, खाली ज्युनिअर कॉलेज आणि वरच्या मजल्यावर आम्ही पन्नास छात्राध्यापक, एवढं पुरे. माझी बॅच २०२२ ते २०२४. पाचपैकी साडेतीन तारे देते. त्यातले दोन एकट्या इतिहास पद्धतीच्या सरांचे आहेत, हे आधीच सांगून टाकते.

इतिहासात एम.ए. करून आठ वर्षं घरी होते. मुलगी दुसरीत गेली तेव्हा सीईटीचा, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभिक्षमता. अवघड नाही, पण वेळ लावून सराव केला नाही तर बुद्धिमापनात गाडी अडकते. कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, मला हे कॉलेज लागलं. त्याच आठवड्यात दुसरीकडून फोनही आला होता: "मॅडम, यायची गरज नाही, परीक्षेला आलात तरी चालेल." नियमाप्रमाणे वर्गाला ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाला, ९० टक्के हजेरी लागते. ती कागदावर कशी बसवतात हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे तसं नव्हतं. सकाळची सही साडेदहाला, दुपारची साडेचारला, आणि शिपाईमामा मस्टर घेऊन दारातच बसायचे. माझा एसटीचा प्रवास एका बाजूने चाळीस किलोमीटरचा, त्यामुळे पहिले काही महिने मी त्यांना मनातल्या मनात बरंच बोलले. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं आणि माझा राग निम्म्यावर आला.

इमारतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र आहे, ते एकदा हाताळायला मिळालं. भाषा प्रयोगशाळेतल्या हेडफोनची प्लास्टिकची पिशवी फक्त तपासणी समितीच्या दिवशी निघाली. प्रोजेक्टरचा दिवा गेलेला, म्हणून माहिती-तंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक आम्ही लॅपटॉपभोवती गोल करून उरकलं. ग्रंथालय मात्र बरं आहे, आणि ग्रंथपाल बाई पुस्तक खरंच घरी नेऊ देतात. कँटीन नाही. गेटसमोरच्या गाड्यावर वडापाव चांगला मिळतो, मिरची मागून घ्यावी लागते.

आता फायली. दोन वर्षांत मी अकरा फायली लिहिल्या. हाताने, निळ्या पेनने, समास आखून. सूक्ष्म अध्यापनाची वेगळी, सराव पाठांची वेगळी, कृतिसंशोधनाची वेगळी, समाजसेवेची वेगळी. एका मॅडमनी माझी फाईल परत केली, कारण मुखपृष्ठाला लेस नव्हती. एक वेळ पाठात चूक चालेल, फाईलला लेस हवी! गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचच्या फायलींचे गठ्ठे मिळतात आणि निम्मा वर्ग त्यावरूनच उतरवतो. मीही समाजसेवेची उतरवली, खोटं कशाला बोलू. या सगळ्यात गेलेली जागरणं परत मिळणार नाहीत. एक तारा इथेच गेला.

सूक्ष्म अध्यापनाचे दिवस मजेचे. एका वेळी शिकवण्याचं एकच कौशल्य. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं-चुकलं ते सांगणं, बारा मिनिटं पुन्हा तयारी, मग सहा-सहा मिनिटांचा पुन्हा पाठ आणि पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं एक चक्र. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. त्यात दोनदा पोलीस भरती हुकलेला एक सहा फुटी गडी सहावीतला द्वाड मुलगा व्हायचा आणि "मॅडम, ह्यानं माझं रबर घेतलं" करून भल्याभल्यांची प्रस्तावना उधळायचा. पहिली तीन कौशल्यं नीट झाली. पुढे वेळ संपत आला तशी पुन्हा पाठाची सही पाठाशिवायच होऊ लागली. हे चूक आहे, कारण खरं शिकणं त्या दुसऱ्या सहा मिनिटांत असतं. हे मला कळलं ते सरांमुळे.

सर म्हणजे इतिहास पद्धतीचे. आठवी अ वर माझा सराव पाठ होता, १८५७ चा स्वातंत्र्यलढा. पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, पाच पानी, नकाशा रंगवलेला, काडतुसांचं चित्र, बहादूरशहा, झाशीची राणी, सगळं तयार. बाकीचे निरीक्षक दहा मिनिटं टेकतात, "फलक लेखन सुधारा" लिहितात आणि चहाला जातात. सर घंटा होण्याआधी येऊन शेवटच्या बाकावर बसले, तेही एका मुलाला सरकायला सांगून. छापील निरीक्षण तक्ता त्यांनी उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने वर्गातले बाक काढले.

पाठ माझ्या मते झकास झाला. साताऱ्याचा संदर्भ यावा म्हणून तिथे उठावाची जुळवाजुळव करणाऱ्या रंगो बापूजींचं नावही मी घेतलं. तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, माझ्या मामाचं घर गेंडामाळाजवळ हाय." मी म्हटलं, "बस खाली, विचारलंय तेवढंच सांग." आणि नकाशाकडे वळले.

तास संपल्यावर व्हरांड्यात सरांनी कागद दिला. बाकांच्या चौकोनांत ठिपके होते, ज्या मुलाला प्रश्न गेला त्याच्या जागी एक ठिपका. पुढचे दोन बाक ठिपक्यांनी काळे झालेले, खिडकीची रांग कोरी. खाली लिहिलेलं : "प्रश्न १४. उत्तरं तुम्हीच दिलीत ११. गेंडामाळ सुटला." बस.

मी इतिहासाची एम.ए. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या, हे मला पाठ होतं. ती पोर स्वतःहून ते दार उघडून उभी राहिली होती आणि मी तिला खाली बसवलं, कारण ते माझ्या टाचणात नव्हतं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या हाच पाठ ब तुकडीवर घ्या. मी येतो." आणि खरोखर आले. दुसऱ्या दिवशी मी दिल्ली-मेरठ बाजूला ठेवून गेंडामाळापासून सुरुवात केली. वेळ पुरला नाही, उपयोजन, म्हणजे शिकलेलं वापरून बघण्याचा भाग, राहिलं, गृहपाठ घंटेनंतर ओरडून सांगितला. पण ठिपके खिडकीपर्यंत पोचले.

वर्गातलं बोलणं मोजायची फ्लँडर्सची पद्धत आम्ही पेपरसाठी पाठ केली होती : दर तीन सेकंदांनी नोंद, दहा गट, शिक्षक किती बोलला, मुलं किती बोलली. परीक्षेत लिहिली, पूर्ण गुण मिळाले. ती कशासाठी असते हे त्या पेन्सिलीच्या ठिपक्यांवरून समजलं.

दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता. शाळेने आम्हाला हक्काचे बदली शिक्षक मानलं. ऑफ तास, परीक्षेचं पर्यवेक्षण, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं. कॉलेजने याबाबत शाळेशी बोलायला हवं होतं, ते बोलले नाहीत. तरी दहावीला इतिहासलेखनाच्या पहिल्या पाठात व्हॉल्टेअर आणि फुको आले, समोर ऊसतोडीच्या हंगामात गैरहजर राहून परतलेली पोरं, आणि वर्गशिक्षक रजेवर, हा अनुभव कुठल्याच फायलीत मावला नसता. माझी तर पार भंबेरी उडाली.

नोकरीचं काय, हे सगळेच विचारतात. कॉलेजने मार्गदर्शन म्हणून एक व्याख्यान ठेवलं, त्यात वक्त्याने स्वतःचीच वाटचाल सांगितली. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना, ११ ऑगस्ट २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एड.वालेच. वर्गात त्या दिवशी कुणाला शिकवावंसं वाटलं नाही आणि कुणाला शिकावंसंही. निकालाचा अर्थ काय, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, सहावी ते आठवीसाठीचा दुसरा पेपर आणि अभियोग्यता चाचणी कशी द्यायची, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर काय भरायचं, हे समजावून सांगणं कॉलेजचं काम होतं. ते आमच्यातल्या पोलीस भरतीवाल्याने केलं, फळ्यावर तक्ता काढून. त्याचं फलक लेखन तोवर चांगलंच सुधारलं होतं.

प्रवेश घेण्याआधी प्रॉस्पेक्टस वाचत बसू नका. कॉलेजच्या सराव शाळेत पाठांच्या दिवशी जा आणि वर्गात मागच्या बाकावर कुणी बसलंय का ते बघा. आणि एक : आमचे सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत, तेव्हा माझे तारे त्या हिशेबाने धरा. ग्रंथालयाच्या अनामत रकमेची पावती जपून ठेवा. माझी रक्कम अजून मिळालेली नाही, "साहेबांची सही राहिलीय" म्हणतात.