स्मार्ट प्लगचे नऊ महिने: आईचा कूलर, जुना फ्रीज आणि विजेचं बिल

मार्चमध्ये नागपूरच्या बर्डीवरून युनिट मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग आणला, म्हणजे सॉकेट आणि वस्तू यांच्यामध्ये लावायचा, मोबाईलच्या ॲपवर वीज दाखवणारा प्लग. अकराशे रुपये पडले. आता डिसेंबर संपत आलाय. या नऊ महिन्यांत घरातली भिंतीच्या सॉकेटवर चालणारी जवळपास प्रत्येक वस्तू त्यावर लावून पाहिली, म्हणून लिहितो आहे.

तो घ्यायचं कारण आई. आम्ही मानेवाड्याला राहतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की रात्री दोनलाही भिंती गरम असतात. तरी आई मध्यरात्री उठून आपला कूलर बंद करायची. सकाळी उशी घामाने ओली. "आई, कूलर काहून बंद केला?" विचारलं की एकच उत्तर, "मीटर पळून राहिलं ना रे." मीटर नेमकं कशाने पळतं हे मलाही माहीत नव्हतं, त्यामुळे तिला समजवायला माझ्याकडे काही नव्हतं.

पहिला कूलरच लावला. पंखा आणि पंप मिळून १८० वॅट. म्हणजे रात्रीचे आठ तास चालला तर १.४४ युनिट.

मग सेट-टॉप बॉक्स. टीव्ही बंद, बॉक्सवर फक्त लाल दिवा, तरी ९ वॅट चालूच. चोवीस तासांचे महिनाभरात साडेसहा युनिट होतात, तेवढ्यात कूलर चार रात्री चालतो. मोबाईलचा रिकामा चार्जर लावला तर ॲपवर आकडाच उमटला नाही. त्या चार्जरवरून मी मुलांना किती वेळा रागावलो होतो!

खरा वीजखाऊ निघाला फ्रीज. पंधरा वर्षांचा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेला. एप्रिलमध्ये सात दिवस मोजला, सरासरी रोज २.६ युनिट. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, तर खालच्या बाजूला ती सहज सुटून येत होती. रबर कडक झालं होतं. मेकॅनिकने साडेसहाशे रुपयांत नवीन बसवून दिलं. फ्रीज वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली. मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऊन वाढलेलं असताना, पुन्हा मोजलं तर १.९ युनिट. महिन्याला एकवीस युनिट वाचले. कागदावर मांडून आईला दाखवलं की हे तुझ्या कूलरच्या चौदा रात्री आहेत. तिने हिशेब दोनदा करायला लावला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ती पहिल्यांदा सकाळपर्यंत कूलर लावून झोपली. अकराशे रुपये माझ्यासाठी तिथेच वसूल झाले.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. जूनमध्ये वादळात लाईट गेली, तासाभराने आली, पण फ्रीज सुरूच झाला नाही. आम्ही बाहेरगावी होतो, आई दिवसभर बहिणीकडे. संध्याकाळी दूध, दही, कणीक सगळं टाकावं लागलं. वीज गेली की हा प्लग परत येताना बंद अवस्थेतच येतो, ती कंपनीने आधीच करून ठेवलेली सेटिंग. ॲपमध्ये चार पायऱ्या आत गेल्यावर "आधीची स्थिती" हा पर्याय सापडला. खोक्यावर त्याचा एक शब्द नाही. माझं स्पष्ट मत, फ्रीज या प्लगवर फक्त मोजण्यापुरता लावा आणि आठवड्याने काढून घ्या. औषधं फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या घरात तर नक्कीच.

आणखी दोन गोष्टी. हा प्लग २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच जोडला जातो. राउटर दोन नावांनी दिसत असेल तर त्यातलं ५ वालं निवडू नका. आणि गिझर लावायचा तर प्लग १६ अँपिअरचाच हवा. २००० वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि सॉकेट ढिलं असेल तर प्लग तापतो. आमचा तापला, म्हणून आधी सॉकेट बदललं. गिझरचं गणित सोपं आहे. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापायला अर्धं युनिट, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. सकाळभर चालू ठेवायची गरजच नाही.

छताच्या पंख्याला प्लग लागत नाही. त्यासाठी बिनपैशाची युक्ती आहे, आणि ती मला प्लगपेक्षाही आवडली. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा, ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करून एकच पंखा फुल ठेवला, तर मिनिटाला चार वेळा लुकलुकला. चार गुणिले साठ, भागिले ३२०० म्हणजे ०.०७५ युनिट तासाला, ७५ वॅट. आईच्या खोलीत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा बसवल्यावर पाच मिनिटांत आठच वेळा, म्हणजे ३० वॅट. सोळा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. आमच्याकडे पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, त्यामुळे २,९०० रुपये मला जड वाटले नाहीत. बसवताना जुना रेग्युलेटर मात्र काढून टाका, वेग रिमोटनेच बदलायचा असतो. हा रिमोट आईला अडचणीचा आहे, अंधारात बटणं कळत नाहीत. म्हणून पलंगाच्या दांडीला दोरीने बांधलाय आणि वेगाच्या बटणावर लाल टिकली चिकटवलीय.

बिलाबद्दल एक गैरसमज आमच्या गल्लीत सगळीकडे आहे, की ३०० युनिटच्या वर एक जरी गेलं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो. तसं नाही. १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी वरचे, आणि वरचा दर वरच्याच युनिटना. पण याचा अर्थ असाही की वाचलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. आमचे मागच्या मेमध्ये ३४२ युनिट होते, या मेमध्ये २८६, आणि कूलर आधीपेक्षा जास्त चालला.

पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवला, कारण दमट हवेत पाण्याने गारवा येत नाही, चिकटपणा वाढतो. विजेचा फरक किरकोळ, झोपेचा मोठा.

सगळं मोजून झाल्यावर प्लगचं रोजचं काम उरत नाही, म्हणून एका घराने दोन-तीन घेऊ नयेत. एकच घ्या आणि फिरवा. आमचा सध्या शेजारच्या काकूंच्या फ्रीजला लावलाय. त्यांचा चार दिवसांचा आकडा रोजचे ३.१ युनिट आलाय, आणि रविवारी आम्ही कागदाची पट्टी घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.