खोटे श्रोते विकणाऱ्या प्रमोटरने आम्हा दोघींना कसे फसवले

स्वतःच्या बळावर गाणी प्रसिद्ध करणाऱ्या नवख्या कलाकारांना ‘तुमचे गाणे मोठ्या प्लेलिस्टमध्ये लावून देतो’ असे सांगून पैसे उकळणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट झाला आहे. महाविद्यालयातील माझी मैत्रीण आणि मी मिळून ड्रीम पॉप वाजवतो. आमच्या पहिल्याच गाण्याच्या वेळी अशा एका माणसाने आम्हाला गाठले. त्यात पैसे तर गेलेच, पण गाणेही सगळीकडून उतरवले गेले. त्याची पद्धत मी शक्य तितक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण बँडमध्ये दोघेच असताना त्या दोघांना फसवण्यासाठी त्याने जी युक्ती योजली, तिच्याविषयी कोणी आधी सांगितले असते तर आम्ही त्याच्या पहिल्या आठवड्यातील बोलण्यावरूनच सावध झालो असतो.

ड्रीम पॉप हा प्रकार १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आला. त्यात शब्दांपेक्षा आवाजाच्या पोताला महत्त्व असते: गिटारवर रिव्हर्ब (घुमणारा आवाज) आणि डिले (मागून येणारा प्रतिध्वनी) यांचे थर, त्यांच्यात अर्धवट विरघळलेला गळा, संथ लय. कॉक्टो ट्विन्स या बँडने हा सूर रुजवला आणि पुढे बाल्टिमोरच्या बीच हाउससारख्या जोडीने दाखवून दिले की दोन माणसे मिळूनही तो पूर्ण ताकदीने उभा करता येतो. आम्हा दोघींना हाच आधार वाटला. वसतिगृहातील खोलीत तिची गिटार, माझा कीबोर्ड आणि एक लॅपटॉप एवढ्यावर आम्ही गाणे पूर्ण केले. गाण्याच्या सुरुवातीला अर्ध्या मिनिटाहून जास्त काळ फक्त गिटारचा एक स्वर हळूहळू फुगत जातो आणि मगच गळा येतो. ही सुरुवात आम्ही मुद्दाम ठेवली होती, आणि पुढच्या हकिगतीत तिला महत्त्व आहे.

या संगीताला गिऱ्हाईक म्हणून हेरणे सोपे का जाते, हेही सांगायला हवे. ड्रीम पॉप ऐकणारे अनेक जण कलाकाराचे नाव शोधून ऐकत नाहीत. रात्र, पाऊस, अभ्यास, झोप अशा मनःस्थितीच्या नावांनी केलेल्या प्लेलिस्ट ते लावून ठेवतात. तिथे अनोळखी नावे एकामागून एक येतात आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. त्यामुळे ‘मध्यरात्र’ अशा नावाची, धूसर छायाचित्र लावलेली आणि हजारो फॉलोअर दाखवणारी प्लेलिस्ट समोर आली की ती खरी आहे की फक्त बॉटना, म्हणजे माणसाऐवजी आपोआप गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमना, गाणी पुरवण्यासाठी उघडलेली आहे, हे वरवर पाहून ओळखता येत नाही.

आम्हाला आलेला संदेश साचेबंद नव्हता. फसवणारा माणूस गाणे न ऐकता सगळ्यांना एकच मजकूर पाठवतो, असे आपण धरून चालतो. या माणसाने मात्र आमचे गाणे खरोखरच ऐकले होते. दुसऱ्या कडव्यानंतर डिले उलटा फिरवला आहे तो भाग त्याने नेमका सांगितला, सुरुवातीचा लांबलेला स्वर आवडल्याचे कळवले आणि ‘ही सुरुवात कोणाच्या सांगण्यावरून कापू नका’ असा सल्लाही दिला. महिनोन्महिने एका गाण्यावर घालवलेल्या माणसाला अशा दोन वाक्यांचे किती अप्रूप वाटते, हे ज्याने गाणे केले आहे त्यालाच कळेल. म्हणून माझे ठाम मत आहे की समोरच्याने गाणे ऐकले आहे की नाही यावरून त्याची पारख करूच नये. कौतुक खरे असू शकते आणि व्यवहार तरीही खोटा असू शकतो.

त्यानंतर त्याने पैशांचा विषय काढलाच नाही. ‘आधी फुकट दाखवतो, मग ठरवा’ असे म्हणून त्याने दोन प्लेलिस्टमध्ये गाणे लावले आणि दुसऱ्या दिवशी आकडे हलले. मग त्याने नियमांचा आधार घेतला, आणि ते नियम खरेच होते. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणाला मानधन मिळत नाही. तुमच्या गाण्याची सुरुवात संथ असल्यामुळे लोक ३० सेकंदांच्या आतच पुढे जात असतील, तेव्हा हजाराचा उंबरठा तुम्ही स्वतःच्या जोरावर ओलांडणार नाही, मी मात्र तो खात्रीने ओलांडून देतो, असे त्याचे म्हणणे होते. हजार स्ट्रीमबरोबरच वेगवेगळ्या श्रोत्यांचीही एक किमान संख्या लागते आणि ती संख्या स्पॉटिफायने मुद्दामच जाहीर केलेली नाही, ही गोष्ट त्याने सोयीस्करपणे गाळली. अर्धा नियम सांगून उरलेला अर्धा लपवणे, हे त्याच्या साऱ्या बोलण्याचे सूत्र होते.

आता मुख्य युक्तीकडे येते. सुरुवातीचा एक गट-संवाद सोडला, तर त्याने आम्हा दोघींशी कधीही एकत्र बोलणे केले नाही. माझ्याशी तो वेगळे बोलायचा, तिच्याशी वेगळे. मला त्याने लिहिले की तुमच्या मैत्रिणीची पूर्ण तयारी आहे, पण तुम्हाला पैशांची अडचण असेल म्हणून ती विषय काढायला संकोचते. तिला अवघडवू नका, तुमचा हिस्सा परस्पर पाठवून द्या. ऐकायला हे समंजसपणाचे वाटते. जोडीने काम करताना एकीला सतत वाटत असते की आपल्यामुळे दुसरीचे स्वप्न अडू नये, आणि नेमक्या त्याच भावनेवर त्याने बोट ठेवले होते. रक्कम त्याने एका व्यक्तीच्या खात्यावर मागितली. कंपनीचे खाते ‘तपासणीत अडकले आहे’, असे कारण दिले. मी माझा हिस्सा पाठवला आणि तिनेही तिचा पाठवला.

याच सुमारास त्याने स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या सुविधेवरील आमच्या पानाचा अ‍ॅडमिन म्हणून प्रवेश मागितला. तिथे अ‍ॅडमिन, एडिटर आणि रीडर अशा तीन पातळ्या असतात. अ‍ॅडमिन इतर सदस्यांना आत घेऊ किंवा बाहेर काढू शकतो. रीडर फक्त आकडे पाहू शकतो. मैत्रिणीने ठामपणे त्याला रीडरच्या पुढे जाऊ दिले नाही. ‘आकडेच पाहायचे असतील तर एवढे पुरेसे आहे,’ एवढेच उत्तर तिने दिले आणि त्याने चिडून पाठवलेल्या संदेशांना दाद दिली नाही. तिच्या या ठामपणामुळे आमचे पान आजही आमच्या ताब्यात आहे.

पैसे गेल्यावर आकडे झपाट्याने वाढले. ते पाहून जो आनंद व्हायला हवा होता तो टिकला नाही, कारण मी आलेखाखालचे तपशील पाहिले. स्ट्रीम हजारोंनी वाढले होते, पण गाणे स्वतःच्या संग्रहात ठेवणाऱ्यांची संख्या जवळजवळ होती तिथेच होती. बहुतेक ऐकणे आमची कोणतीही ओळख नसलेल्या दोन-तीन शहरांमधून होत होते. एकेक श्रोता तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकत होता, पण आमच्या पानावर येऊन फॉलो करणारा कोणी नव्हता. एखादे गाणे खरोखर आवडलेला माणूस त्या कलाकाराचे आणखी काही आहे का, हे एकदा तरी पाहतो. मी त्याला विचारले, तेव्हा ‘अल्गोरिदमला वेळ द्या’ असे उत्तर आले.

थोड्याच दिवसांत वितरकाचा ईमेल आला. छोट्या कलाकाराला स्पॉटिफायवर थेट गाणे चढवता येत नाही, ते वितरकामार्फतच जाते. आमचे वितरकाकडील खाते मैत्रिणीच्या नावावर असल्यामुळे तो ईमेल तिला मिळाला. गाण्यावर कृत्रिम स्ट्रीम आढळले असून ते सर्व मंचांवरून उतरवण्यात येत आहे, असे त्यात लिहिले होते. त्याबरोबर दंडाची रक्कमही आमच्या खात्यावर लावली होती. उघडउघड कृत्रिम स्ट्रीम आढळल्यास स्पॉटिफाय २०२४ पासून त्या गाण्यापोटी लेबलला किंवा वितरकाला दंड आकारते, आणि वितरक तो कलाकाराच्या खात्यावर टाकू शकतो. बॉट कोणी लावले याची चौकशी या टप्प्यावर होत नाही. गाणे ज्याचे, त्याच्यावर ती जबाबदारी येते.

प्रमोटरला हे कळताच त्याने पुन्हा दोघींना वेगवेगळे गाठले. मला सांगितले की तुमच्या मैत्रिणीने माझ्या नकळत दुसऱ्या कोणाकडून स्वस्तातले स्ट्रीम विकत घेतले असावेत, त्यामुळे गाणे पकडले गेले. ‘क्लिअरन्स’चे शुल्क भरले तर मी ते परत आणून देतो, पण तिला सांगू नका, ती अडथळा आणेल. मला दोन रात्री झोप लागली नाही. पैसे गेल्याचे दुःख वेगळे होते. ज्या मुलीबरोबर चार वर्षे एकाच बाकावर बसले तिच्याविषयी मनात संशय यावा, हे त्याहून असह्य होते. शेवटी मी तिला सरळ विचारले. ती गप्प राहिली आणि तिने आपला फोन माझ्या फोनशेजारी टेबलावर ठेवला.

दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर होता. ‘तुमच्या मैत्रिणीची पूर्ण तयारी आहे’ हे वाक्य तिलाही आले होते, त्याच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने. पैशांची अडचण तिथे माझ्याऐवजी तिची होती. स्वस्तातले स्ट्रीम तिथे मी विकत घेतले होते. शुद्धलेखनाची एक चूकही दोन्हीकडे सारखीच होती. पहिल्या पैशाच्या मागणीपर्यंत मागे जात आम्ही ओळ ओळ ताडून पाहिली, तेव्हा लक्षात आले की त्याने आमच्यापैकी एकीलाही दुसरीशी या व्यवहाराविषयी मोकळेपणाने बोलण्याची संधीच ठेवली नव्हती. ‘क्लिअरन्स’ची रक्कम आम्ही अर्थातच भरली नाही. गाणे एकदा उतरवल्यावर कोणीही बाहेरचा माणूस शुल्क घेऊन ते परत चढवू शकत नाही. तो निर्णय वितरक आणि मंच यांचा असतो.

हा प्रकार फक्त आमच्यापुरता नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१ या एका वर्षात त्या देशातील किमान १ ते ३ टक्के स्ट्रीम खोटे असल्याचे आढळले, आणि हे फक्त पकडले गेलेले स्ट्रीम होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील सरकारी वकिलांनी एका माणसावर, यंत्राने तयार केलेली असंख्य गाणी बॉटकडून वाजवून १ कोटी डॉलरहून अधिक मानधन लाटल्याचा आरोप ठेवला. मानधनाचा मोठा भाग एकाच गंगाजळीतून स्ट्रीमच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून खोट्या स्ट्रीमपोटी गेलेला प्रत्येक पैसा दुसऱ्या कोणा कलाकाराच्या वाट्यातून गेलेला असतो. आमचे गाणे वाजवणाऱ्या बॉटनीही तेच केले असते, आणि हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

ज्यांचे पहिले गाणे तयार होत आले आहे त्यांनी एवढे जाणून घ्यावे की स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवण्याची सोय स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सवर विनामूल्य आहे. प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी गाणे सुचवले, तर ते तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही जाते. संपादक निवडतीलच असे नाही, आणि तसे वचन कोणी देतही नाही. पैशांच्या बदल्यात प्लेलिस्टमध्ये जागा किंवा ठरावीक स्ट्रीमची हमी देणाऱ्या सेवा स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाहीत. प्रसिद्धीचे प्रामाणिक काम करणारी माणसेही आहेत. ती कोणाकोणाशी संपर्क साधतील ते सांगतात, आकडा मात्र सांगत नाहीत. कोणी आकड्याची हमी दिली की तिथे पाणी मुरते आहे असे समजावे. तुम्ही दोघे असाल, तर पैशांविषयीचे प्रत्येक बोलणे दोघेही असलेल्या एकाच गटात व्हावे, असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा. आमच्या प्रमोटरला याच एका अटीची अडचण झाली असती.

आम्ही बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला सर्व संदेश, खात्याचे तपशील आणि आकड्यांची छायाचित्रे दिली आहेत. वितरकाकडेही तेच पुरावे पाठवून गाणे परत चढवण्याची विनंती केली आहे. उत्तर अजून आलेले नाही. गाण्याचा मूळ आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा १२ अक्षरांचा क्रमांक, आम्ही जपून ठेवला आहे, कारण गाणे पुन्हा प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळाली तर ते त्याच क्रमांकाने जावे लागेल. दरम्यान तोच माणूस नव्या नावाने, जवळजवळ त्याच शब्दांत इतरांना लिहीत असल्याचे आमच्या ओळखीच्या एका गायकाने दाखवले. तुम्हालाही तसा संदेश आला असेल तर तो पुसू नका. त्याचे छायाचित्र काढून ठेवा, ज्या खात्यावर पैसे मागितले आहेत त्याचा क्रमांक उतरवून घ्या आणि उत्तर देण्यापूर्वी तुमच्या जोडीदाराचा फोन मागून पाहा.