जर्नल बेअरिंग की बॉल बेअरिंग?

गाडीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) बदलायचा म्हटलं की बहुतेकांची नजर आधी हॉर्सपॉवरच्या आकड्यावर जाते. पण कॉम्प्रेसर (हवा दाबणारं चाक) आणि टर्बाइन (एक्झॉस्टने फिरणारं चाक) एकाच मापाचे असले तरी दोन टर्बो गाडीत वेगळे वागू शकतात, कारण आतलं बेअरिंग वेगळं असतं.

जर्नल बेअरिंगमध्ये ही दोन चाकं जोडणारा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला १ लाखाहूनही जास्त फेरे. रचना साधी, किंमत कमी, आणि झीज झाली तर बुश व सील बदलून टर्बो पुन्हा उभा करता येतो. मात्र तेल भरपूर लागतं, आणि शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचं घर्षणही आलंच.

बॉल बेअरिंगमध्ये हे घर्षण कमी, त्यामुळे पेडल दाबल्यावर बूस्ट (हवेचा वाढीव दाब) लवकर येतो. वळणातून बाहेर पडताना हे चांगलंच जाणवतं. सरळ रस्त्यावर, पूर्ण थ्रॉटलला, फारसं नाही. कमाल ताकद ठरवतात ते कॉम्प्रेसर आणि टर्बाइन, बेअरिंग नव्हे. तेल इथे मोजूनच द्यायचं असतं. गरज असताना तेलाचा प्रवाह मर्यादित करणारा रिस्ट्रिक्टर बसवायचा राहिला तर जादा तेल सीलमधून झिरपतं आणि एक्झॉस्ट धूर ओकू लागतो. (लोक मग टर्बोलाच शिव्या घालतात.) बिघाड झालाच तर सहसा अख्खं कार्ट्रिज (शाफ्ट-बेअरिंगचा मधला गाभा) बदलावं लागतं.

सरळ रस्त्यावरच्या ड्रॅग रेसपुरती गाडी असेल तर मी जर्नल घेईन आणि वाचलेले पैसे इंटरकूलर, इंधनपुरवठा नि ट्यूनिंगवर घालीन. वळणावळणांच्या ट्रॅकसाठी मात्र बॉल बेअरिंगच.