जुन्या गाडीवर घडलेल्या हातांसाठी: टॉप मॉडेल की मधलं व्हेरिएंट?

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत सध्या हा विषय निघतो. इमानेइतबारे चाललेली जुनी वॅगन-आर किंवा सँट्रो आता काढायची आहे. मुलगा पुण्याहून नाहीतर परदेशातून सांगतो, "बाबा, घेताच आहात तर टॉप मॉडेलच घ्या." आणि शोरूममध्ये बसलेल्या बाबांना प्रश्न पडतो, एवढ्या सगळ्या सोयींचं आपण करायचं काय?

माझं मत आधीच सांगते. ज्यांचे हातपाय क्लच, गिअर आणि हँडब्रेकवर तयार झाले आहेत, त्यांनी गुपचूप आपलं काम करणाऱ्या तंत्रज्ञानासाठी पैसे मोजावेत. जे रस्त्यावरची नजर काढून घेतं किंवा सारखं मध्ये पडतं, त्यासाठी मोजू नयेत. पहिल्या प्रकारातलं बहुतेक सगळं मधल्या व्हेरिएंटमध्ये मिळतं. दोन्हींतला फरक लाखाच्या घरात जातो, तेव्हा हे नीट तपासून घेणं गरजेचं आहे.

जे दोन्हींत मिळतं, पण शिकावं लागतं

सगळ्यांत मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही, तो पायाखाली असतो. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था, सक्तीचं आहे. मारुती 800 मध्ये जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम व्हायची आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळ घसरत जायची. म्हणून आपण सगळे ब्रेक दाबत-सोडत, दाबत-सोडत मारायला शिकलो. नव्या गाडीत हीच सवय धोक्याची आहे. दाबण्या-सोडण्याचं काम एबीएस स्वतःच करतं, तेही सेकंदाला कित्येक वेळा. आपण पाय पूर्ण दाबायचा, दाबूनच ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवून समोरचा अडथळा चुकवायचा. त्या वेळी पेडल पायाखाली जोरात थरथरतं आणि खालून कर्रकर्र आवाज येतो. ज्याला हे माहीत नसतं, तो दचकून पाय उचलतो आणि ऐन वेळी ब्रेक सुटतो. गाडी घरी आली की पहाटे एखाद्या मोकळ्या रस्त्यावर जा, मागे कोणी नाही याची खात्री करा आणि चाळीसच्या वेगाला एकदा पूर्ण ब्रेक दाबून बघा. ती थरथर पायाच्या ओळखीची झाली पाहिजे.

बसण्याची पद्धतही बदलावी लागते. जुन्या छोट्या गाडीत बॉनेट दिसावं म्हणून आपण स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकून बसायचो. एअरबॅग क्षणार्धात, प्रचंड जोराने उघडते. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान 25 सेंटीमीटर अंतर हवं आणि बेल्ट लावलेलाच हवा. बुटक्या माणसाने सीट पुढे ओढण्यापेक्षा वर उचलावी. त्यासाठी सीटची उंची कमी-जास्त करायची सोय लागते आणि ती सगळ्यांत खालच्या व्हेरिएंटमध्ये बरेचदा नसते. मधलं घेण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

कार्ब्युरेटरच्या काळातल्या दोन सवयी मात्र पूर्ण सोडायच्या. सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर पंप करणं फ्युएल इंजेक्शनमध्ये निरर्थक आहे. दुसरी सवय उतारावर न्यूट्रल टाकण्याची. पावागडला माचीहून खाली येताना पेट्रोल वाचवायला अजून पुष्कळ जण हे करतात. नवी गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे बचत तर होत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो.

गिअर

गुडघे दुखत असतील तर ऑटोमॅटिकवर पैसे जरूर खर्च करा. संध्याकाळी रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत जाताना क्लच किती वेळा दाबला जातो, ते प्रत्येक बडोदेकराच्या डाव्या पायाला माहीत आहे. पण ऑटोमॅटिक म्हटलं की सगळं एकच असं समजू नका. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आलेलं एएमटी म्हणजे मुळात आपला साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर यंत्र बदलतं एवढंच. स्वस्त पडतं, मायलेज चांगलं देतं, पण गिअर बदलताना गाडी जरा अडखळते. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार गर्दीत कितीतरी मऊ चालतात आणि किंमतही तशीच घेतात. एएमटी घेणार असाल तर हिल होल्ड आहे का ते विचारा. नसेल तर चढावर ब्रेक सोडताच गाडी मागे सरकते.

आणि डावा पाय! क्लचच्या सवयीने तो रिकामा राहत नाही, ब्रेकवर जातो. क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबला गेला तर मागचा ॲक्टिवावाला थेट डिकीवर. पहिले काही दिवस डावा पाय सीटकडे ओढून ठेवा.

जिथे टॉप मॉडेल वेगळं पडतं

मोठा स्क्रीन, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक, सनरूफ, 360 अंशांचा कॅमेरा आणि अडास (रडार आणि कॅमेऱ्याने रस्ता बघून स्वतः ब्रेक लावणारी, लेन सांभाळणारी व्यवस्था), टॉपचे जास्तीचे पैसे साधारण यांवर जातात. सनरूफबद्दल बडोद्याच्या मे महिन्यात काही बोलायलाच नको.

स्क्रीनच्या बाबतीत मी ठामपणे जुन्या पद्धतीच्या बाजूची आहे. एसीचा पंखा वाढवायला गोल खटका असेल तर हात आपोआप जातो, बघावं लागत नाही. तोच पंखा स्क्रीनवर असेल तर नजर खाली जाते, आणि तेवढ्यात उलट्या बाजूने स्कूटर आलेली असते. युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा चाचणीने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं असण्याला गुणांमध्ये महत्त्व दिलं आहे, ते उगाच नव्हे. बऱ्याच गाड्यांत मधल्या व्हेरिएंटला खटके आणि टॉपला टच पॅनेल असतं. इथे स्वस्त तेच चांगलं.

पार्किंग ब्रेकचं बटण मला पटतं, विशेषतः ऑटो होल्ड असेल तर. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. फक्त घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते शिकवून ठेवा. लिव्हर शेजारी बसलेलं कोणीही ओढू शकायचं. बटणाचं तसं नाही, बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत ते ओढून धरून ठेवावं लागतं.

अडासचा निर्णय तुमच्या रस्त्यांवर ठरवा. बडोद्याजवळच्या हालोलच्या ज्या कारखान्यात एके काळी ओपेल ॲस्ट्रा बनायची, तिथूनच 2021 मध्ये रडार आणि कॅमेऱ्याच्या मदतीने चालणारी एमजी ॲस्टर बाहेर पडली, म्हणजे ही गोष्ट आपल्या दारातलीच आहे. अहमदाबादच्या 93 किलोमीटरच्या एक्सप्रेसवेवर अडासचा खरा उपयोग आहे. लेनचे पट्टे स्पष्ट, दुचाक्यांना बंदी, वेग स्थिर. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं क्रूझ तिथे थकवा खूप कमी करतं. अट एकच, लेन बदलताना इंडिकेटर द्यायचाच, नाहीतर स्टिअरिंग उलट ओढ घेतं. दांडिया बाजारात मात्र तीच व्यवस्था पुढे शिरलेल्या रिक्षाला बघून अचानक ब्रेक लावू शकते, आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं. महिन्यातून दोन-चारदा अहमदाबाद किंवा मुंबई होत असेल तर अडास घ्या. गावातच फिरणार असाल तर नको.

घेतलंच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रडार बहुधा पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये असतं. दसऱ्याला झेंडूची माळ घालाल ती त्याच्यासमोर लोंबणार नाही असं बघा आणि पूजा झाली की काढा. दुसरं, पुढची काच फुटली तर बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा.

बडोद्याचं पाणी

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. जुनी गाडी वाळवून, तेल बदलून पुन्हा चालू व्हायची. नव्या गाडीत वायरिंग आणि कंट्रोल युनिट सीटखाली, गालिच्याखाली असतात, आणि टॉप मॉडेलमध्ये ती जास्त. पाणी शिरलेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. टॉपवरचे वाचलेले पैसे आधी इंजिन प्रोटेक्ट या जास्तीच्या विम्याच्या हप्त्यात घाला, मग सीट कव्हरमध्ये.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले रुंद, रिकाम्या रस्त्यावर नेतात. तिथून परत फिरू नका. संध्याकाळची वेळ मागून घ्या, गाडी न्यायमंदिराकडून स्वतः चालवा आणि वाटेत तीन कामं खाली न बघता करून पाहा: पंखा वाढवणं, काचेवरची वाफ घालवणं आणि चारही इंडिकेटर लावणं. ज्या व्हेरिएंटमध्ये तिन्ही जमतील त्याचंच कोटेशन मागा.